घट आणि कुंभकार : एका अनुमानाची कुळकथा

जगाची रचना पाहून जगाचा कर्ता सिद्ध करू पाहणारे जे अनुमान भारतीय तत्त्वज्ञांच्या वादसभांतून शतकानुशतके गाजले, त्याचा आधार कुंभाराच्या चाकावरून उतरलेला साधा घट होय. घट हे कार्य आहे, म्हणून माती, चाक आणि दंड यांखेरीज ज्ञान, इच्छा व प्रयत्न यांनी युक्त असा कर्ता त्याला लागतो. पृथ्वी, पर्वत आणि अंकुर हीदेखील अवयवांनी घडलेली कार्येच आहेत. तेव्हा त्यांनाही कर्ता असला पाहिजे, आणि एवढे विश्व घडविणारा तो ईश्वरच असू शकतो, अशी ही मांडणी.

तिचा उगम मात्र रचनेच्या कौतुकात नव्हता. गौतमाच्या न्यायसूत्रांत ईश्वराची चर्चा चौथ्या अध्यायातील अवघ्या तीन सूत्रांत आटोपते, आणि तिचा रोख मनुष्याचे कर्म कधी कधी निष्फळ का ठरते, या प्रश्नाकडे आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास याच न्यायपरंपरेतील पंडित (नैयायिक) उद्योतकराने, सुताराच्या हातावाचून वाकस चालत नाही तसे अचेतन परमाणूही चेतनाच्या प्रेरणेवाचून प्रवृत्त होत नाहीत, असे प्रतिपादून ती चर्चा सृष्टिकर्त्याच्या सिद्धीकडे वळविली.

सातव्या शतकात बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने या युक्तिवादाच्या मर्मावरच बोट ठेवले. घट पाहून कुंभाराचे अनुमान होते, कारण घट घडविणारे हात आपण पाहिलेले असतात; परंतु केवळ मातीची घडण एवढ्याच लक्षणावरून कर्ता ठरवायचा, तर वारुळही कुंभारानेच केले, असे कबूल करावे लागेल. रानातल्या अंकुराचा कर्ता कोणी पाहिला, या हरकतीला नैयायिकांचे उत्तर असे की, जी वस्तू सकर्तृक आहे की नाही हाच वाद आहे, तीच विरुद्ध दाखला म्हणून पुढे करता येत नाही. दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथाच्या पाच स्तबकांत (प्रकरणांत) सर्व प्रतिपक्षांचा समाचार घेऊन हे अनुमान परमोत्कर्षास नेले.

त्यानंतरची जबर हरकत परम ईश्वरभक्ताकडूनच आली. पृथ्वी-पर्वत कार्ये मानली, तरी ती एकाच काळी, एकाच कर्त्याने केली याला प्रमाण काय, असे रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात विचारले. ईश्वर शास्त्रावरून कळतो, अनुमानावरून नव्हे, हा त्यांचा निर्णय. 1779 साली प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड ह्यूमच्या संवादांत, अनेक हातांनी बांधलेल्या जहाजाचा दाखला देऊन, अशीच शंका उपस्थित झाली आहे. 1802 साली विल्यम पेलीने घटाच्या जागी घड्याळ ठेवले, आणि 1859 साली डार्विनने प्राण्यांच्या अवयवांची सुसंगती नैसर्गिक निवडीने उलगडून दाखविली.

रचनेवरून कर्त्याचा निर्णायक पुरावा मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु उदयनाचार्यांनी ग्रंथारंभी या तर्कचर्चेलाच ईश्वराची उपासना म्हटले आहे, हे आस्तिकाने आणि नास्तिकानेही ध्यानात ठेवावे. प्रतिपक्षाची हरकत पुरती ऐकून घेतल्याखेरीज यांपैकी कोणीही आपला पक्ष सिद्ध झाला, असे मानू नये.