जळकी प्राणिअस्थी : पुरातत्त्वीय विश्लेषण

उत्खननात सापडलेल्या जनावरांच्या जळक्या हाडांवरून आगीची तीव्रता, जळताना हाड ओले होते की सुके आणि ते का जळले, हे ठरविण्याची पद्धत. पुराप्राणिविज्ञानाची ही उपशाखा. महाराष्ट्रात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पी. के. थॉमस, प्रमोद जोगळेकर आदींनी प्राणिअस्थींचा अभ्यास रुजविला. घोड नदीकाठच्या इनामगावचे (उत्खनन 1968–83) ताम्रपाषाणयुगीन पशुपालन व शिकार तेथील प्राणिअस्थींवरून उलगडली.

तापल्यावर हाडातील कोलॅजन आधी करपते. हाड तपकिरी आणि सुमारे 300–400 अंश सेल्सिअसला काळे होते. पुढे कार्बन जळून ते निळसर राखाडी व 700–800 अंशांवर पांढरे पडते. आच किती वेळ लागली, हवा किती मिळाली यांवरही रंग बदलतो, म्हणून रंगावरून काढलेले तापमान हा अंदाजच. मँगनीजच्या डागांनी न जळलेले हाडही काळे दिसते. अशा वेळी अवरक्त वर्णपट व क्ष-किरण विवर्तन या चाचण्या उपयोगी पडतात, कारण उष्णतेने हाडातील खनिजाचे स्फटिक वाढतात. ओले हाड जळताना बहुधा आडव्या, वक्र भेगा पडतात, सुक्याला उभ्या.

जळके हाड म्हणजे भाजलेले मांस, हे समीकरण मात्र घाईचे आहे. भाजताना मांस हाडाला झाकते. करपतात ती उघडी टोके. पूर्ण पांढरे हाड बहुतेक वेळा जेवणानंतर आगीत पडलेले असते. चुलीखाली काही सेंटिमीटर पुरलेली जुनी हाडेही आचेने काळवंडतात.

सातारा-सांगलीत ही सावधगिरी अधिकच हवी. कृष्णाकाठच्या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडांवर शेती होते, तेथील माती उपसली जाते. उसाचे पाचट पेटवले जाते, जवळच वीटभट्ट्या धडधडतात. पाटण-जावळीकडे भातासाठी राब भाजतात. त्यामुळे पृष्ठभागावर वेचलेले जळके हाड प्राचीन आगीचा पुरावा मानता येत नाही. ते न हललेल्या थरातले हवे, आणि भोवतालची राख, कोळसा व भाजलेली माती यांची नोंदही हवी.

पांढऱ्या हाडात कोलॅजन उरत नाही. तरी त्याच्या खनिजातील कार्बोनेटवरून कार्बन-14 कालमापन करता येते. आगीच्या वेळी सरपणातील कार्बन त्यात शिरतो, म्हणून जुने लाकूड जाळले असल्यास काळ मागे जातो. असे हाड ठिसूळ असते. धुण्याआधीच ते वेगळे काढून ठेवतात.