'झिरो माइल' म्हणजे नेमकं काय? कॅप्शनमध्ये हा शब्द कसा वापरायचा?

नागपूरला विधानभवनाजवळचा दगडी खांब आणि चार घोडे यांचा फोटो टाकताना अनेक जण 'झिरो माइल, भारताचा मध्यबिंदू' असं लिहितात. यातलं नाव बरोबर आहे, पण दावा जपून करायला हवा. इंग्रजीत लिहिताना तर व्याकरणाचीही चूक होते.

अर्थ काय?
जिथून मैल मोजायला सुरुवात होते, ती जागा म्हणजे झिरो माइल. इथे चांदा, जबलपूर, हैदराबाद अशा ठिकाणांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. १९०७ सालचा 'जीटीएस स्टँडर्ड बेंचमार्क'ही इथेच आहे. जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासला सुरू केलेली ही देशाची मोजणी. त्याचा मृत्यू १८२३ मध्ये विदर्भातच, हिंगणघाटला झाला. बेंचमार्क म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची अचूक मोजून ठेवलेली पक्की खूण. आज आपण 'दर्जाचं माप' या अर्थाने वापरतो तो 'बेंचमार्क' हा शब्द मोजणीखात्याच्या याच खुणेवरून आला.

मग मध्यबिंदू?
'झिरो' म्हणजे मोजणीची सुरुवात, मध्य नव्हे. वॉशिंग्टनला व्हाइट हाउसजवळ १९२३ पासून झिरो माइलस्टोन आहे, पण ते शहर अमेरिकेच्या मध्यावर नाही, पूर्वेकडे आहे. नागपूर देशाच्या मध्यभागात येतं, हे खरं. मात्र फाळणीने देशाच्या सीमा बदलल्या, आणि आजच्या भारताचा मध्यबिंदू म्हणून मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातलं करौंदी गाव सांगितलं जातं.

इंग्रजी वाक्यात कसं लिहायचं?

- जागेचं नाव असेल तर: 'आय ॲम ॲट झिरो माइल.' इथे 'इन' नको, 'ॲट' हवं. विशेषनाम असल्याने दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल.
- अंतर सांगायचं असेल तर: 'झिरो माइल्स.' इंग्रजीत शून्यानंतर अनेकवचन येतं. मराठीत 'एक मैल', 'शून्य मैल', 'दहा मैल' सगळं सारखंच, म्हणून हा 'स' राहून जातो.
- नामाआधी विशेषण म्हणून: 'झिरो-माइल मार्कर.' इथे पुन्हा एकवचन, जसं 'फाइव्ह-रुपी कॉइन'.
- 'ग्राउंड झिरो' वेगळं: अणुबॉम्बचा स्फोट होतो त्याच्या बरोबर खालची जमीन, हा त्याचा मूळ अर्थ. बातम्यांत तो 'घटनास्थळ' म्हणून वापरतात. आनंदाच्या सेल्फीखाली तो शोभत नाही.

थोडक्यात
'ॲट झिरो माइल, नागपूर' एवढं कॅप्शन पुरेसं आहे. मध्यबिंदूचा उल्लेख करायचाच असेल, तर 'भारताच्या मध्यभागातलं शहर' असं लिहावं. म्हणजे नागपूरचा मानही राहतो आणि चुकीची माहितीही पुढे जात नाही.