कौल कोणाचा? स्टीम ग्रीनलाइटची पाच वर्षं

मतदानाचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मतपेटी येते, बोटावरची शाई येते. आज आम्ही ज्या मतदानाबद्दल बोलणार आहोत, त्यात शाई नव्हती आणि निवडणूक आयोगही नव्हता. उमेदवार होते संगणकावरचे गेम आणि मतदार होते ते खेळणारे लोक. ठरवायचं होतं एवढंच, की कुठला गेम दुकानात यावा. ३० ऑगस्ट २०१२ ला हा प्रयोग सुरू झाला, ६ जून २०१७ ला बंद झाला. पुरती पाच वर्षंही नाहीत. पण बंद करताना कंपनीने जे आकडे सांगितले, त्यानुसार १ कोटीहून अधिक लोकांनी मिळून ९ कोटींहून अधिक मतं दिली होती.

आता कोणी म्हणेल, गेमच तर आहेत, त्यात इतिहास कसला शोधायचा? तर एकटा माणूस नोकरी सोडून, किंवा नोकरी सांभाळून रात्री जागून, चार चार वर्षं एक गेम बनवतो. तो विकला जाईल की नाही हे नंतरचं. आधी तो दुकानात तरी ठेवू देणार का, आणि हे ठरवणार कोण? पुस्तक लिहिणाऱ्याला, सिनेमा काढणाऱ्याला हाच प्रश्न पडत आला आहे. इथे त्याचं उत्तर ‘लोकच ठरवतील’ असं दिलं गेलं. ते उत्तर का टिकलं नाही, हे आज पाहायचं आहे.

आधी दुकानाबद्दल. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह या कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम सुरू केलं. सुरुवातीला ते दुकान नव्हतंच. कंपनीच्या स्वतःच्या गेमना नव्या दुरुस्त्या घरबसल्या मिळाव्यात, एवढाच हेतू होता. २००४ मध्ये त्यांचा ‘हाफ-लाइफ २’ आला. तो खेळायचा तर स्टीम घ्यावंच लागे, त्यामुळे लोकांनी पुष्कळ कुरकुर केली. पुढच्याच वर्षी इतरांचे गेमही तिथे येऊ लागले. पहिल्या काहींत मार्क हीली यांचा ‘रॅग डॉल कुंग फू’ आणि ‘डार्विनिया’ होते, म्हणजे छोट्या मंडळींचेच गेम. डबा नको, तबकडी नको, ट्रक नको, मोठा प्रकाशक नको. घरी बसून केलेली वस्तू जगभर विकता येणार होती.

पण दुकान जसं मोठं झालं तसा दारावरचा पहारा कडक झाला. संगणकावरच्या गेमसाठी २०१० च्या सुमारास स्टीम म्हणजेच बाजारपेठ, अशी स्थिती होती. गेम आत घ्यायचा की नाही, हे कंपनीतली मोजकी माणसं ठरवत. अर्ज पाठवायचा आणि वाट बघायची. नकार आला तरी का आला हे बहुधा कळत नसे. सरकारी कचेरीत फाईल कुठे अडली हे विचारायला निदान खिडकी तरी असते. इथे तीही नव्हती. अशा वेळी ‘आम्ही कशाला ठरवू, खेळणारेच ठरवू देत’ ही कल्पना कोणालाही आवडली असती. आवडलीही.

ही कल्पना अगदी कोरी मात्र नव्हती. तिच्याआधीची दोन उदाहरणं आपण पाहू, म्हणजे पुढचा फरक नीट कळेल.

पहिलं न्यूग्राउंड्स. टॉम फल्प यांच्या या संकेतस्थळावर २००० सालापासून कोणीही आपला फ्लॅशमध्ये केलेला गेम किंवा चित्रफीत चढवू शकत असे. लोक तो खेळायचे आणि शून्य ते पाच असे गुण द्यायचे. गुण फार कमी पडले तर तो गेम तिथून आपोआप उडवला जायचा. निर्दय पद्धत होती, पण मत देणाऱ्याने आधी गेम खेळलेला असे. ‘एलियन होमिनिड’ आणि ‘मीट बॉय’ इथेच पहिल्यांदा लोकांसमोर आले, आणि पुढे त्यांतून मोठे गेम झाले.

दुसरं उदाहरण मायक्रोसॉफ्टचं. २००८ च्या अखेरीस एक्सबॉक्सवर हौशी निर्मात्यांसाठी एक दालन उघडलं. पुढे त्याला एक्सबॉक्स लाइव्ह इंडी गेम्स असं नाव मिळालं. तिथे गेम तपासायचे ते इतर निर्मातेच. पण गेम चांगला आहे की वाईट, हे त्यांनी सांगायचं नव्हतं. तो मध्येच बंद पडतो का, त्यात मनाई असलेलं काही आहे का, एवढंच बघायचं.

म्हणजे एका ठिकाणी लोकांना विचारलं, ‘खेळलात, कसा वाटला?’ दुसऱ्या ठिकाणी जाणकारांना विचारलं, ‘नीट चालतो का?’ दोन्ही प्रश्नांना उत्तर देणारा माणूस वस्तू हाताळून उत्तर देत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता ग्रीनलाइट. निर्मात्याने आपल्या गेमचं एक पान करायचं, त्यावर चित्रं, छोटी चित्रफीत आणि वर्णन टाकायचं. स्टीमवरचे लोक ते बघणार आणि एका प्रश्नाला उत्तर देणार: हा गेम स्टीमवर आला तर तुम्ही विकत घ्याल का? गेम हातात असण्याची गरज नव्हती. बऱ्याचदा तो पुरा झालेलाही नसे. मत पडत होतं ते आश्वासनाला. आणि ‘घेईन’ म्हणायला दमडी लागत नव्हती. लग्नाच्या पंगतीत ‘एकदा या की आमच्याकडे’ म्हणतात ना, त्यातलं ते ‘घेईन’.

पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. लोकांनी थट्टेचे, खोटे, दुसऱ्याचे गेम आपले म्हणून टाकायला सुरुवात केली. काही दिवसांतच कंपनीने १०० डॉलर शुल्क लावलं आणि ते पैसे ‘चाइल्ड्स प्ले’ या लहान मुलांसाठीच्या धर्मादाय संस्थेला जातील असं सांगितलं. त्या वेळी आपल्याकडे ती रक्कम साडेपाच हजार रुपयांच्या आसपास होती. थट्टेखोर त्यामुळे हटले, पण शुल्काचं ओझं सगळ्यांना सारखं कधीच नसतं. शंभर डॉलर जास्त की कमी यावर निर्मात्यांमध्येच कडाक्याचं भांडण झालं.

११ सप्टेंबर २०१२ ला पहिले १० गेम निवडले गेले. त्यांत ‘ब्लॅक मेसा’ होता. व्हॉल्व्हचाच जुना ‘हाफ-लाइफ’ चाहत्यांनी नव्याने बांधला होता. ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ होता, ‘केन्शी’ होता, ‘टाउन्स’ होता, आणि पोलंडमधल्या एका माणसाचा ‘मॅकपिक्सेल’ होता, जो त्याच महिन्यात विक्रीला आला. या यादीकडे आज मागे वळून पाहिलं तर कौलाच्या दोन्ही बाजू दिसतात. ‘केन्शी’ पुरा व्हायला २०१८ चा डिसेंबर उजाडला, पण झाला आणि लोकांना आवडला. ‘टाउन्स’ विकायला लागला, पैसे मिळाले, आणि २०१४ मध्ये काम अर्धवट सोडून देण्यात आलं. मतदारांना या दोघांतला फरक २०१२ मध्ये कळणं शक्यच नव्हतं, कारण दोघांचीही फक्त आश्वासनं समोर होती.

मग ही पद्धत सपशेल फसली का? तसं आम्ही म्हणणार नाही. लुकस पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ घ्या. एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर बसलेला कारकून, त्याने लोकांचे कागद तपासायचे, एवढाच गेम. कुठल्या प्रकाशकाने हे ऐकून पैसे घातले असते? २०१३ मध्ये लोकांनी तो काही आठवड्यांत निवडला आणि ऑगस्टमध्ये तो बाहेर आला. एरिक बरोन यांनी एकट्याने चार वर्षांहून जास्त काळ खपून केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवाडीचा गेमही ग्रीनलाइटमधूनच पुढे आला. २०१६ मध्ये तो आला आणि त्याने विक्रमी खप केला. कंपनीने २०१७ मध्ये सांगितलं, की ग्रीनलाइटमधून आलेल्या शंभराहून अधिक गेमनी प्रत्येकी किमान १० लाख डॉलर मिळवले. दारावरच्या मोजक्या माणसांना यातले सगळे ओळखता आले असते, असं मानायला जागा नाही.

शिवाय आणखी एक मिळकत होती, जी आकड्यांत येत नाही. नवख्या निर्मात्याला गेम पुरा होण्याआधीच चार अनोळखी माणसं भेटत होती. ‘हे बटण चुकतंय’, ‘हे आवडलं, लवकर करा’ असं सांगणारी. एकट्याने काम करणाऱ्याला याची किंमत विचारा.

पण किती मतं पडली म्हणजे पास, हे कंपनीने कधी जाहीर केलं नाही. रेषा त्यांनी ठरवायची, हवी तेव्हा हलवायची. सुरुवातीला थोडे थोडे गेम निवडले जायचे, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये एकदम १०० गेम आत घेतले. डिसेंबर २०१४ मध्ये ‘हेट्रेड’ नावाचा, निरपराध माणसं मारत सुटणारा गेम कंपनीने काढून टाकला. दुसऱ्याच दिवशी मालक गेब न्यूवेल यांनी निर्मात्यांची माफी मागून तो परत ठेवला, आणि मग तो मतांवर निवडूनही आला. काढायला हवा होता की नको, हा वाद वेगळा. पण शेवटचा शब्द कोणाचा, हे त्या दोन दिवसांत सगळ्यांना दिसलं.

मतं मिळवण्याचा धंदाही उभा राहिला. ‘आम्हाला मत द्या, दुसरा गेम फुकट घ्या’ अशी पाकिटं विकली जाऊ लागली. निवडणुकीच्या आदल्या रात्री काय वाटलं जातं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्याहून पुढची युक्ती स्टीमच्या कार्डांची. २०१३ पासून गेम चालू ठेवला की संग्रहासाठी कार्डं मिळत आणि ती बाजारात खऱ्या पैशांत विकता येत. त्या विक्रीतला वाटा निर्मात्यालाही मिळे. मग काही मंडळींनी कसेबसे जोडलेले गेम मतांवर आत आणले, त्याच्या हजारो चाव्या स्वतःच्याच यंत्रखात्यांना वाटल्या, आणि कार्डं विकून पैसे केले. गेम कोणी खेळावा अशी अपेक्षाच नव्हती. या लबाडीबद्दल कंपनीने २०१७ मध्ये स्वतःच उघड लिहिलं.

आणि प्रामाणिक निर्मात्याचं काय? त्याला गेम करायचं सोडून प्रचाराला उतरावं लागलं. ज्याच्यामागे आधीच माणसं होती, तो निवडून आला. ज्याच्यामागे नव्हती, त्याला माणसं मिळवायलाच तर स्टीम हवं होतं. ही फार जुनी कोंडी आहे: पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू देणार नाही.

हे सगळं न्यूवेल यांना उशिरा कळलं असंही नाही. जानेवारी २०१३ मध्येच, म्हणजे प्रयोग सुरू होऊन पाच महिने होतात तोच, टेक्सासमधल्या एका भाषणात त्यांनी ग्रीनलाइटमुळे वाट मोकळी होण्याऐवजी तुंबते असा सूर लावला होता. २०१४ मध्ये निर्मात्यांसमोर त्यांनी ते बंद करणं हेच ध्येय असल्याचं सांगितलं. तरी बंद व्हायला आणखी तीन वर्षं गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये घोषणा झाली, शुल्क १०० डॉलर ठेवायचं की थेट ५,००० यावर पुन्हा वाद झाला, आणि शेवटी १०० वर आलं. जूनमध्ये ‘स्टीम डायरेक्ट’ सुरू झालं. आता कागदपत्रं द्या, शुल्क भरा, गेम ठेवा. बंद झाल्या दिवशी ३,४०० हून अधिक गेम रांगेत होते.

दार उघडलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये स्टीमवर आला, तेव्हा त्याला दारात मतं मागत उभं राहावं लागलं नाही. ही चांगलीच गोष्ट झाली. पण २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून अधिक नवे गेम आले. दार उघडं आहे, पण आत इतकी गर्दी आहे की कोणाला कोणी दिसत नाही. आणि मतदान गेलं म्हणता तर तेही खरं नाही. ‘पुढे घेईन’ म्हणून लोक गेमची इच्छायादी करतात, आणि कुठला गेम पुढे चमकेल हे ठरताना ती यादी मोलाची धरली जाते. म्हणजे ‘घ्याल का?’ हा तोच प्रश्न आहे. फक्त पूर्वी तो दारात विचारत, आता तो आत, फळीपाशी विचारतात. आणि आपण मत देतो आहोत, हे आता मत देणाऱ्याला कळतही नाही.

कोकणात देवाला कौल लावतात. देव उजवा कौल देईल की डावा, हे नंतरचं. आधी गुरव गाऱ्हाणं कसं घालतो, नेमकं काय विचारतो, त्यावर सगळं असतं. ग्रीनलाइटमध्ये लोक चुकले असं आम्हाला वाटत नाही. एक कोटी लोकांनी जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. विचारलं मात्र असं, की ज्याला उत्तर द्यायला काही पडत नाही, ज्यासाठी वस्तू बघावी लागत नाही, आणि ज्याच्या निकालाची रेषा विचारणाऱ्याच्याच खिशात आहे. म्हणून पुढच्या वेळी कोणी तुम्हाला ‘लोकांनाच ठरवू द्या’ म्हणालं, तर आनंदाने हो म्हणा. फक्त आधी विचारा: प्रश्न कोणी लिहिला आहे, आणि मोजणार कोण?

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊया.