थर्माकोलचं चिलखत

थर्माकोलची जन्मकथा मजेशीर आहे. १९४९ साली जर्मनीत बीएएसएफ कंपनीतला फ्रिट्झ स्टास्टनी पॉलिस्टायरीनवर प्रयोग करत होता. बूटपॉलिशच्या डबीतला नमुना रात्रभर ओव्हनमध्ये राहिला, सकाळी बघतो तर फुगून डबीबाहेर आलेला! जवळजवळ ९८ टक्के हवाच. नाटकवाल्यांना आणि बाहुल्या करणाऱ्यांना तो आवडला नसता तरच नवल. सुरीने कोरा, खांब करा नाहीतर राक्षसाचं डोकं.

पण दुसऱ्याच प्रयोगात राक्षसाचं नाक तुटतं, त्याचं काय? वरून पॉलिएस्टर रेझिन फासावं, तर त्यातलं स्टायरीन थर्माकोललाच खाऊन टाकतं. बऱ्याच स्प्रे पेंट्सचंही तेच. मग उरते जुनीच युक्ती: पांढऱ्या गोंदात भिजवलेल्या मलमलीच्या किंवा कागदाच्या पट्ट्या, दोन-तीन थर. कागदी मुखवटे करणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं.

१९४० साली उडालेल्या ब्रिटिश मॉस्किटो विमानाचं गणितही हेच बरं का! दोन्हीकडे पातळ प्लायवूड, मध्ये हलकं बाल्सा. वस्तू वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावर येतो. मधल्या मालाने फक्त दोन्ही कातड्यांमधलं अंतर राखायचं.

आपल्या गणपतीच्या मखरांत मात्र थर्माकोल उघडाच राहिला. दीड दिवसाच्या मखराला चिलखत कोण घालणार? घातलं असतं तर तेच मखर पुढची कित्येक वर्षं निघालं असतं, असं आपलं माझं मत. असो. २०१८ मध्ये महाराष्ट्रात बंदी आली. उत्पादक गणपतीपुरती सवलत मागायला हायकोर्टात गेले. मिळाली नाही.