थंडीत पामतेल का गोठतं? त्यातलं पामिटिक ॲसिड खरंच विष आहे का?

डिसेंबर-जानेवारीची थंडी पडली की छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजमधल्या किराणा दुकानांत एक प्रश्न ठरलेला असतो. पामतेलाच्या पिशवीत तळाशी पांढुरका, दाणेदार थर दिसतो. 'तेलात मेण मिसळलंय का?' असं गिऱ्हाईक विचारतं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढतं आणि तो फॅमिली ग्रुपवर फिरतो.

बहुतेक वेळा तो थर मेणाचा नसतो. पामतेलातली घट्ट होणारी चरबी थंडीमुळे गोठलेली असते आणि तिचा मुख्य घटक असतो पामिटिक ॲसिड. हाच पदार्थ साजूक तुपात, मटणाच्या चरबीत, आईच्या दुधात आणि आपल्या फुप्फुसातही असतो. मग त्याला विष म्हणायचं का?

पामिटिक ॲसिड म्हणजे काय?

हे एक फॅटी ॲसिड, म्हणजे मेदाम्ल आहे. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १६, हायड्रोजनचे ३२ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदमाँ फ्रेमी यांनी १८४० मध्ये पामतेलातून ते वेगळं केलं. नावही 'पाम'वरूनच आलं.

तेलात ते सहसा सुटं नसतं. ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन मेदाम्लं जोडलेली असतात. त्याला ट्रायग्लिसराइड म्हणतात. आपण खातो ते तेल आणि तूप म्हणजे मुख्यतः अशा ट्रायग्लिसराइडचं मिश्रण.

मग ते गोठतं का?

पामिटिक ॲसिडची साखळी सरळ असते. तिच्यात कार्बनच्या दोन अणूंमध्ये कुठेही दुहेरी बंध नसतो, म्हणून ते 'सॅच्युरेटेड' किंवा संपृक्त ठरतं. सरळ काड्या पेटीत जशा दाटीवाटीने बसतात, तशा या साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात. शुद्ध पामिटिक ॲसिड वितळायला सुमारे ६३ अंश सेल्सिअस तापमान लागतं.

शेंगदाणा तेलात भरपूर असलेल्या ओलिक ॲसिडच्या साखळीला मात्र मध्येच बाक असतो. या साखळ्या नीट रचल्या जात नाहीत. त्यामुळे ओलिक ॲसिड साधारण १३ अंशांनाच वितळतं.

पामतेलात दोन्ही मेदाम्लं असतात, म्हणून ते अर्धवट घट्ट असतं. कारखान्यात ते थंड करून घट्ट भाग वेगळा काढतात. उरलेला पातळ भाग म्हणजे पामोलीन. पिशवीत मिळतं ते बहुधा हेच. तरीही त्यात पामिटिक ॲसिड बरंच उरतं आणि थंडीत ते पुन्हा तळाशी बसतं. पिशवी कोमट पाण्यात ठेवली की तेल पूर्ववत होतं.

शहराची ओळख असलेला नान-खलिया थंड झाला की वर चरबीचा थर जमतो. त्यामागचं कारणही तेच. मटणाच्या चरबीत पामिटिक आणि त्याचंच भावंड असलेलं स्टिअरिक ॲसिड भरपूर असतं. खोबरेल तेलही थंडीत गोठतं, पण तिथे मुख्य वाटा लॉरिक ॲसिडचा असतो.

कोणत्या तेलात किती?

एकूण मेदाम्लांपैकी पामिटिक ॲसिडचं साधारण प्रमाण असं असतं:

- पामतेल: सुमारे ४४ टक्के
- पामोलीन: सुमारे ४० टक्के
- साजूक तूप: २५ ते ३० टक्के
- सरकीचं तेल: २२ ते २५ टक्के
- सोयाबीन आणि शेंगदाणा तेल: १० ते ११ टक्के
- करडई आणि सूर्यफूल तेल: ६ ते ७ टक्के

म्हणजे मराठवाड्याच्या शेतात पिकणारी करडई आणि कापसाची सरकी यांच्या तेलातही मोठा फरक आहे.

शरीर ते स्वतःच बनवतं?

हो. भात, पोळी, साखर गरजेपेक्षा जास्त झाली की यकृत त्यातल्या काही भागाची चरबी करतं. तिथलं एक एन्झाइम दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत जातं आणि १६ कार्बन झाले की थांबतं. तयार होतं ते पामिटिक ॲसिड. पुढे त्यातूनच शरीर इतर काही मेदाम्लं घडवतं.

त्याची शरीरातली कामंही महत्त्वाची आहेत:

ऊर्जा: पामिटिक ॲसिडचा एक रेणू पूर्ण जळला की पेशीला सुमारे १०६ एटीपी मिळतात. ग्लुकोजच्या एका रेणूतून ३० ते ३२ मिळतात.

पेशीचं आवरण: पेशीभोवतीच्या पातळ पडद्यात ते असतं. काही प्रथिनांना ते जोडलं जातं आणि त्यांना या पडद्याशी बांधून ठेवतं.

श्वास: फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत म्हणून आत सर्फॅक्टंटचा थर असतो. त्यातल्या मुख्य रेणूला पामिटिक ॲसिडच्या दोन साखळ्या असतात. खूप लवकर जन्मलेल्या बाळात हा थर पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून त्याला श्वास घेणं जड जातं. अशा बाळांना नळीवाटे सर्फॅक्टंटचं औषध देतात.

बाळाचं पोषण: आईच्या दुधातल्या मेदाम्लांपैकी २० ते २५ टक्के पामिटिक ॲसिड असतं. ते बहुतांशी ग्लिसरॉलच्या मधल्या जागी जोडलेलं असतं, त्यामुळे बाळाच्या आतड्यात सहज शोषलं जातं. कडेच्या जागेवरून ते सुटं झालं, तर कॅल्शियमशी मिळून त्याचा साबणासारखा पदार्थ होतो आणि शी घट्ट होते.

मग तक्रार कशाबद्दल आहे?

शरीर ते स्वतः बनवू शकतं, म्हणून आहारातून मुद्दाम घ्यायची गरज नसते. जास्त खाल्लं तर रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल वाढतं. त्यातून हृदयविकाराचा धोका वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभरातल्या एकूण कॅलरींपैकी संपृक्त मेदाचा वाटा १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. रोज २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. पामतेलाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम तेलात, जवळपास ७ ग्रॅम संपृक्त मेद असतो. तीन चमच्यांत दिवसाचा कोटा जवळजवळ संपतो. तूप, दूध, मटण आणि बिस्किटं त्यात धरलेलीच नाहीत.

तरीही पामतेल सगळीकडे का?

एक कारण किंमत. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात रवा, साखर आणि चणाडाळ प्रत्येकी एक किलो होती, आणि एक लिटर पामतेल.

दुसरं कारण रसायनशास्त्रातलं. १९३० च्या दशकात मुंबईच्या शिवडीतून 'डालडा' बाजारात आला. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची ही पद्धत. ती अर्धवट राहिली की ट्रान्स फॅट तयार होतात. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतातच, शिवाय चांगलंही कमी करतात. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. पामतेल पामिटिक ॲसिडमुळे मुळातच घट्टसर असल्याने बेकरीवाल्यांना त्याचा पर्याय मिळाला. ट्रान्स फॅटपेक्षा तो बरा, पण करडई किंवा सूर्यफुलाच्या तेलाइतका चांगला नाही.

दुकानात काय बघायचं?

पाकिटावर 'पामोलीन' किंवा 'ब्लेंडेड' लिहिलंय का आणि १०० ग्रॅममागे 'सॅच्युरेटेड फॅट' किती आहे, ते वाचा. बिस्किट, फरसाण आणि नूडल्सच्या पाकिटावरही हे दोन तपशील तपासा, कारण बरंचसं पामतेल स्वयंपाकघरात न येता तिथूनच पोटात जातं. ज्यांना पामतेलच परवडतं, त्यांनी तळण कमी केलं आणि तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणं टाळलं तरी फरक पडतो.

थंडीत गोठलेला थर दिसला म्हणून तेलात भेसळ आहे असं ठरत नाही. त्यात पामिटिक ॲसिड भरपूर आहे, एवढंच त्यातून कळतं. ते विष नाही, पण रोजच्या कढईत किती ओतायचं हे मोजायलाच हवं.