अंगठ्याचा नेम

नेमबाजीची विद्या आपल्याकडे फार पुरातन. द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे गुरुदक्षिणा मागितली ती उजव्या हाताच्या अंगठ्याची. त्या विद्येचे मर्म शरीराच्या कोणत्या भागात वसते, हे महाभारतकारांनी एवढ्यावरूनच सांगून टाकले आहे. आज घराघरांतून जे संगणकीय युद्धखेळ खेळले जातात, त्यांतही कंट्रोलर हाती घेतलेला खेळाडू अंगठ्यानेच शत्रूवर नेम धरतो. मात्र ह्या अंगठ्याला खेळाचे यंत्र आतून हातभार लावीत असते, आणि तो हातभार न्याय्य की अन्याय्य, असा वाद जगभरच्या खेळाडूंत गेली काही वर्षे माजून राहिला आहे. वाद वरवर पाहता पोरकट वाटेल, परंतु त्याचा इतिहास तसा नाही.

ह्या इतिहासाचा आरंभ १९६२ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये होतो. स्टीव्ह रसेल आणि त्याचे सोबती यांनी पीडीपी-१ ह्या संगणकावर ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ रचला. दोन अवकाशयाने, दोन खेळाडू, आणि एकमेकांवर मारा. प्रथम प्रथम हे खेळाडू यंत्राच्या दर्शनी फळीवरील खटके दाबून खेळत. पण पडदा त्या फळीच्या एका अंगास असल्यामुळे दोघांपैकी एकाला तो अधिक नीट दिसे. कोपरे दुखून येत ती गोष्ट वेगळीच. तेव्हा ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स या दोघांनी खेळाडूंसाठी स्वतंत्र नियंत्रणपेट्या तयार केल्या. म्हणजे हातात धरावयाचे साधन जन्मास आले तेच मुळी गैरसोय आणि विषमता ह्या दोन्हींच्या परिहारार्थ, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १९७३ साली कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रात ‘मेझ वॉर’ हा खेळ निघाला. त्यात प्रथमच खेळाडूला चक्रव्यूहात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखे दृश्य दिसे, आणि निरनिराळ्या यंत्रांवरील माणसे एकाच लढाईत उतरत. त्यानंतरची मोठी पायरी १९९३ च्या ‘डूम’ ह्या खेळाची. त्यात खेळाडूने फक्त डावीउजवीकडे वळावयाचे. शत्रू उंचावर असला तर गोळी आपोआप वर जाई. यंत्राने नेमात हात घालावयास आरंभ केला होता, पण त्याचे कोणाला काही वाटले नाही. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये वर-खाली पाहणेही खेळाडूच्या हाती आले, आणि ते काम माऊसने इतके सुरेख होई की थोड्याच काळात संगणकावरील नेमबाजी म्हणजे माऊस, असे समीकरण होऊन बसले.

माऊस श्रेष्ठ का ठरला? पॉल फिट्स ह्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला होता. लक्ष्य जितके दूर आणि जितके अरुंद, तितका हाताला तेथवर पोहोचावयास वेळ अधिक लागतो, असा त्याचा सारांश. १९७८ साली झेरॉक्सच्या संशोधकांनी पडद्यावरील मजकूर निवडण्यासाठी निरनिराळी साधने ताडून पाहिली, तेव्हा माऊस सर्वांत जलद ठरला आणि त्यात चुकाही सर्वांत कमी झाल्या. कारण असे की माऊस जितका सरकवावा तितकीच पडद्यावरची खूण सरकते; हाताची जागा हीच नेमाची जागा. कंट्रोलरवरच्या लहानशा दांडीचे तसे नाही. ती जागा सांगत नाही, वेग सांगते. दांडी कलती धरली की दृष्टी फिरू लागते, आणि नेमक्या क्षणी सोडली नाही तर लक्ष्य ओलांडून पुढे जाते. शिवाय सारा बारकावा अंगठ्याच्या इंच-अर्ध्या इंचाच्या हालचालीत मावावयास हवा. मनगट आणि कोपर यांचे साहाय्य नाहीच. विहिरीच्या रहाटाने फुलपात्र काठोकाठ भरावयास सांगावे, तसा हा प्रकार.

तरीही दिवाणखान्यातील दूरचित्रवाणीसमोर आरामात बसून खेळणाऱ्यांना माऊस कोठे ठेवता येणार? १९९७ च्या ‘गोल्डनआय ००७’ ह्या खेळात एकाच दांडीचा कंट्रोलर होता. तेथे बंदूक जवळच्या शत्रूकडे आपोआप रोख धरी, म्हणून तो सुसह्य झाला. २००० साली ‘एलियन रेझरेक्शन’ने डाव्या अंगठ्याने चालावयाचे आणि उजव्याने पाहावयाचे अशी रीत ठेवली, तेव्हा एका समीक्षकाने तिच्यावर सडकून टीका केली. आज जगभर तीच रीत रूढ आहे.

खरी किमया साधली ती बंजी ह्या संस्थेच्या ‘हेलो’ने, २००१ साली. नेमाची खूण शत्रूजवळ आली की दृष्टीचा वेग आपोआप मंदावे, जणू तेथे जमीन चिकट झाली आहे. शत्रू हलला की दृष्टीही किंचित त्याच्यासवे ओढली जाई. आणि गोळी थोडकी चुकली तर तीच जराशी वळून लक्ष्यास लागे. फिट्सच्या भाषेत बोलावयाचे तर लक्ष्य डोळ्यांना होते तेवढेच दिसे, पण हाताच्या दृष्टीने ते रुंद केलेले असे. ह्यातील कौशल्य असे की खेळाडूस ह्याची वार्ताही नसे. आपणच पट्टीचे नेमबाज, अशा समजुतीत तो राही. ही फसवणूक खरी, परंतु मला ती आक्षेपार्ह वाटत नाही. सायकल शिकवणारा वडीलमाणूस मागून आसन धरून असतो, आणि पोराला वाटते आपणच चालवतो आहोत.

२००४ च्या ‘हेलो २’ने हीच नेमबाजी महाजालावर नेली. तोवरही तक्रारीस कारण नव्हते, कारण समोरच्यालाही तोच कंट्रोलर आणि तोच हातभार. २००७ च्या ‘शॅडोरन’ने कन्सोलवाले आणि माऊसवाले यांना एका मैदानात आणून पाहिले. २०१८ नंतर ‘फोर्टनाइट’ आणि २०२० मध्ये ‘वॉरझोन’ यांनी हा संगम सरसकट केला, आणि मग ठिणगी पडली. माऊसवाल्याला शत्रू वळला हे दिसून हात हलवावयास सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. यंत्राच्या हातभाराला तो विलंब नाही. अगदी जवळच्या झटापटीत हा फरक निर्णायक होतो. अनेक नामांकित खेळाडूंनी तर माऊस बाजूस सारून संगणकाला कंट्रोलर जोडला. दुर्बलासाठी ठेवलेली सवलत बलवानाने घ्यावी, ह्याचे नवल सरकारी नोकरीत वर्षे घालविलेल्या माणसाला तरी वाटू नये.

उलट दिशेचीही लबाडी झाली. माऊसला कंट्रोलरचे सोंग देणाऱ्या डब्या बाजारात आल्या. त्यांच्या योगे माऊसचा बारकावा आणि कंट्रोलरचा हातभार दोन्ही एकदम मिळत. युबिसॉफ्ट कंपनीने २०२३ साली ‘रेनबो सिक्स सीज’मध्ये ‘माऊसट्रॅप’ नावाची योजना आणली. असे सोंग ओळखू आले की खेळाडूला हाकलावयाचे नाही. त्याच्या हातात आणि पडद्यात हळूहळू विलंब वाढवीत न्यावयाचा, इतका की त्याचा नेमच बसेनासा व्हावा. शिक्षा मोठी कल्पक खरी. परंतु अशा डब्या अपंग खेळाडूही वापरतात. ज्याच्या अंगठ्यात बळ नाही त्याला कन्सोलवर दुसरा मार्ग सहसा नसतो. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अशांसाठी मोठ्या बटणांचा खास कंट्रोलर काढला, हे ह्या संदर्भात सांगितले पाहिजे. नियम करणाऱ्याला लबाड आणि लाचार ह्यांचे संकेत तारेवरून सारखेच दिसतात, ही अडचण काही लहान नव्हे.

भारतात ह्या खेळांचा प्रसार कन्सोलपेक्षा मोबाईलवर अधिक झाला. २०२० च्या सप्टेंबरात बंदी येईपर्यंत ‘पबजी मोबाईल’ने खेड्यापाड्यांतील मुलांना वेड लावले होते. काचेवर अंगठ्याला दांडीइतकाही आधार नाही. म्हणून आपल्याकडचे निष्णात खेळाडू फोनच तिरपा करून नेम साधू लागले. फोनमधील घूर्णमापक हाताचा कल ओळखतो आणि दृष्टी तेवढीच वळवितो. निंटेंडोच्या ‘स्प्लॅटून’ने २०१५ पासून कंट्रोलरमध्येही हीच युक्ती योजली आहे. अंगठ्याने ढोबळ दिशा द्यावयाची आणि अखेरचा बारीक कोन मनगटाने साधावयाचा. ह्या रीतीत हाताची जागा पुन्हा नेमाची जागा होते. तिला हातभार थोडा पुरतो, सराव मात्र फार लागतो.