पाऱ्याची नळी आणि लंडनचीं कौलें

इ. स. १७०३ च्या नोव्हेंबर महिन्याची २६ तारीख, शुक्रवार, रात्रीं दहाचा सुमार. लंडन शहराच्या कडेला एका पक्क्या विटांच्या घरांत डॅनियल डीफो नांवाच्या गृहस्थानें आपल्या वायुभारमापकाकडे पाहिलें. नळींतील पारा इतका खालीं उतरला होता कीं, तसा तो त्यानें पूर्वीं कधींही पाहिला नव्हता. डीफो मोठा चौकस मनुष्य. परंतु त्याच्या मनांत आलें तें एवढेंच कीं, मुलांनीं नळीला हात लावून ती बिघडविली असावी!

मुलें निरपराध होतीं. मध्यरात्र उलटल्यावर दक्षिण इंग्लंडवर जें वादळ कोसळलें, त्याच्या तोडीचें वादळ त्या देशाच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल. ही तारीख त्या वेळच्या इंग्रजी पंचांगाची आहे. आजच्या गणनेनें तो ७ डिसेंबर ठरतो. म्हणजे हिंवाळा नुकताच तोंड दाखवीत होता.

वायुभारमापक ही त्या काळीं कांहीं अपूर्व वस्तु राहिली नव्हती. इटलींत टॉरिसेलीनें १६४३ सालीं पाऱ्याच्या नळीचा प्रयोग केला, त्याला साठ वर्षें होऊन गेलीं होतीं. रॉबर्ट हूकनें तिला तबकडी व कांटा जोडून घड्याळासारखें रूप दिलें होतें, आणि लंडनच्या सुखवस्तु घरांतून हें यंत्र शोभेची वस्तु म्हणूनही मिरवीत असे. पारा चढला कीं उघाड आणि उतरला कीं पाऊसवारा, एवढें ज्ञान घरोघर होतें. उणीव होती ती निराळी. एका घरांतील एक नळी त्या घरापुरतेंच बोलते. वादळ कोठें आहे, कोणत्या दिशेनें येत आहे, येथें पोंचावयास त्याला किती तास लागतील, यांपैकीं एकही गोष्ट तिला सांगतां येत नाहीं. शिवाय तिचें म्हणणें खरें मानावें तर शेजाऱ्याच्या नळीशीं तें ताडून पाहिलें पाहिजे. रात्रीं दहा वाजतां तें कोण करणार?

एसेक्स परगण्यांतील अपमिन्स्टर गांवीं विल्यम डेरहॅम नांवाचा एक विद्वान पाद्री राहत असे. देवळाच्या मनोऱ्यावर चढून तोफांच्या आवाजावरून ध्वनीचा वेग मोजणारा हा नादिष्ट मनुष्य दररोज वायुभाराची टांचणें ठेवी. त्या वादळांत त्याच्या येथील भार आजच्या मापानें सुमारें ९७३ मिलिबारपर्यंत उतरला होता. डीफोची नळी खरेंच बोलत होती याला ही साक्ष पुरेशी आहे. पुढें डीफोनें या वादळावर ग्रंथ लिहिला, त्यांत स्वतःचीं निरीक्षणें नियमित नाहींत हें मोकळेपणीं कबूल करून त्यानें डेरहॅमचें पत्रच छापलें.

आतां छपरांकडे वळूं. लंडन शहरांत गवती छपरांना १२१२ सालच्या आगीनंतर मनाई झाली होती, आणि १६६६ च्या महाअग्नीनंतर तर सारें शहर विटा व कौलें यांचेंच उभें राहिलें. कौलें दोन जातींचीं असत. एक साधीं चपटीं, लांकडाच्या खुंटीनें रिपेला अडकविलेलीं. दुसरीं नागमोडी पन्हळीचीं, आपल्याच बोंडानें रिपेला धरून राहणारीं. दोन्हींचा मुख्य आधार म्हणजे स्वतःचें वजन. वारा कौलांवर वरून दाब देतो अशी आपली सर्वांची समजूत असते. परंतु जोराचा वारा आढ्यावरून पलीकडे जातांना त्या बाजूचा हवेचा दाब कमी होतो. घरांतील कोंडलेली हवा आंतून वर रेटूं लागते आणि कौल उचललें जातें. एक निघालें कीं त्याच्या शेजाऱ्याचा आधार सुटतो. आपल्याकडे कोंकणांत ज्यांनीं वळवाच्या वाऱ्यांत पडवीचीं कौलें उडतांना पाहिलीं आहेत, त्यांना हें निराळें सांगावयास नको.

त्यांतून आधीचे पंधरा दिवस वारा सारखा वाहत होता. बुधवारीं, म्हणजे वादळाच्या दोन दिवस अगोदर, एका घराचा भाग कोसळला, त्यांतून डीफो स्वतः थोडक्यांत बचावला होता. अर्थात् शुक्रवारीं रात्रीं वादळ आलें तें अगोदरच सैल झालेल्या छपरांवर. शेजारच्या घरांवर धुराडें कोसळलें, त्याच्या हादऱ्यानें डीफोचें घर डळमळलें. आतां हेंही अंगावर येणार असें वाटून घरांतील माणसांनीं परसांत पळून जाण्यासाठीं दार उघडलें. परंतु बाहेरचा देखावा पाहून तीं आंतच राहिलीं. कारण घर पडण्याचें भय एक वेळ पुरवलें, पण विटाकौलांचा तो मारा पुरवणारा नव्हता. तीस-चाळीस यार्डांवरून उडत आलेलीं कौलें टणक जमिनींत पांच ते आठ इंच रुतलेलीं त्यानें पुढें पाहिलीं. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या छपरावरील शिशाचे पत्रे चामड्याच्या वळकटीसारखे गुंडाळले गेले. वेल्स येथें बिशप किडर व त्यांची पत्नी धुराडें कोसळून निजल्या जागींच गतप्राण झालीं. एडिस्टोनचा दीपस्तंभ बांधणारा विन्स्टन्ली त्या रात्रीं स्तंभांतच होता. सकाळीं स्तंभही नव्हता आणि तोही नव्हता. समुद्रावरील हानि तर याहून कितीतरी भयंकर. एकट्या गुडविन वाळूच्या दांड्यांवर राणीच्या आरमाराचीं चार मोठीं जहाजें फुटलीं व हजारांवर खलाशी बुडाले.

शनिवार उजाडला तेव्हां रस्त्यांवर कौलांचा खच पडला होता. लोक बाहेर आले, आणि पहिला प्रश्न निघाला तो छपराचा. येथून पुढची हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा दोन ओळींत आटोपते, आणि तें बरोबर नाहीं. कारण सामान्य माणसाचें वादळ येथेंच सुरू झालें. एक हजार साध्या कौलांचा भाव २१ शिलिंग होता, तो एकदम ६ पौंड, म्हणजे १२० शिलिंग झाला. पन्हळीचीं कौलें ५० शिलिंगांवरून १० पौंडांवर गेलीं. गवंड्याची मजुरी दिवसाला ५ शिलिंगांपर्यंत चढली. आणि भाव देऊनही माल मिळेना! कारण कौलांची माती भिजवून, साच्यांतून काढून, सावकाश वाळवावी लागते. थंडीच्या दिवसांत ओल्या कौलांतील पाणी गोठलें कीं तीं भुगा होऊन जातात. म्हणून भट्ट्यांचें काम उन्हाळ्यांत चाले. वादळानें मुहूर्त साधला तो नेमका हिंवाळ्याच्या तोंडाशीं. टेंपलसारख्या नामांकित इमारतींनींही छपरावर नुसत्या देवदारी फळ्या ठोकून हिंवाळा काढला. ज्यांना फळ्याही परवडल्या नाहींत त्यांचीं असंख्य घरें पाऊस व थंडी सोशीत उघडींच राहिलीं.

यांत डीफोच्या नशिबाची थट्टा कशी झाली तें पाहण्यासारखें आहे. थेम्सच्या कांठीं टिल्बरी येथें त्याचा स्वतःचा विटा व पन्हळी कौलांचा कारखाना होता. हॉलंडहून येणारीं कौलें इंग्लंडांतच तयार व्हावींत, हा त्याचा हेतु. त्याच्याच सांगण्याप्रमाणें शंभर गरीब कुटुंबें तेथें पोट भरीत असत. परंतु धर्मवादावर एक उपरोधिक पत्रक लिहिल्याबद्दल १७०३ च्या मे महिन्यांत त्याला पकडण्यांत आलें, जुलईंत तीन दिवस भर बाजारांत खोड्यांत उभें करण्यांत आलें, आणि तुरुंगांत असतांनाच कारखाना बुडाला. नोव्हेंबरच्या आरंभीं तो सुटला आणि तीन आठवड्यांच्या आंत लंडनला कौलांचें सोनें झालें! कौलांचे भाव इतक्या बारकाईनें त्यानेंच कां नोंदवावेत, याचें उत्तर येथें मिळतें. कौलें विकतां आलीं नाहींत तेव्हां त्यानें वर्तमानपत्रांतून जाहिरात देऊन गांवोगांवच्या लोकांकडून वादळाच्या हकीकती मागविल्या, आणि १७०४ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला.

हें वादळ अगोदर कळलें असतें काय? नळी तीच ठेवली तर नाहीं. तिला सोबत मिळावयास दीडशें वर्षें जावीं लागलीं, आणि ती सोबत म्हणजे तारायंत्र. १८५९ च्या ऑक्टोबरांत वेल्सच्या किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ हें जहाज फुटून साडेचारशेंच्या आसपास माणसें मेलीं, तेव्हां इंग्लंडचें सरकार हाललें. डार्विनला घेऊन जगप्रवास केलेल्या ‘बीगल’ जहाजाचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय यांच्याकडे हवामानाचें खातें होतें. त्यांनीं निरनिराळ्या ठिकाणचे वायुभाराचे आंकडे तारेनें एकत्र आणविले. १८६१ पासून बंदरांवर त्रिकोणी शंकु व नळकांडी चढवून वादळाची सूचना देण्यास सुरवात झाली, आणि त्याच वर्षीं ‘टाइम्स’ पत्रांत हवेचें भाकीत छापूं लागलें. आपल्या बंदरांवर ‘तीन नंबरचा बावटा’ लागला असें जें आपण म्हणतों, त्याचें कूळ हेंच. कलकत्त्याच्या १८६४ च्या वादळानंतर आपल्या देशांतही सूचनांची व्यवस्था झाली व १८७५ सालीं हवामान खातें निघालें.

फिट्झरॉय यांना मात्र यश पाहावयास मिळालें नाहीं. एखादें भाकीत चुकलें कीं पत्रांतून टवाळी होई. १८६५ च्या एप्रिलांत त्यांनीं आत्महत्या केली. पुढें विद्वानांच्या समितीनें भाकितें अशास्त्रीय ठरवून बंद पाडलीं, आणि वादळाच्या सूचनाही थांबल्या. त्या पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून ओरड केली ती किनाऱ्यावरच्या लोकांनीं.

त्यानंतरचा प्रवास झपाट्याचा आहे. बिनतारी यंत्रें, फुगे, रडार आलीं. १९६० पासून कृत्रिम उपग्रह वरून ढगांचीं चित्रें पाठवूं लागले. गणकयंत्रें आंकडेमोड करूं लागलीं. तरीही १९८७ च्या १६ ऑक्टोबरच्या पहांटे दक्षिण इंग्लंडचीं छपरें पुन्हा उडालीं, आणि आदल्याच दिवशीं दूरचित्रवाणीवर तेथील हवामानतज्ज्ञानें चक्रीवादळ येणार नाहीं असें हंसत सांगितलें होतें. बिस्केच्या उपसागरांतील निरीक्षणें अपुरीं पडलीं होतीं.

टिल्बरीचा तो कारखाना पुन्हा उभा राहिला नाहीं. फिट्झरॉयचे शंकु बंदरांवर चढण्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १८६० सालीं, तेथें रेल्वेचें खोदकाम चालूं असतां विटा व पन्हळी कौलें यांचा ढीग लागला. डीफोचा एक चरित्रकार तेथें जाऊन पोंचला आणि तीं कौलें ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणाऱ्यानें केलेलीं आहेत असें त्यानें मजुरांना सांगितलें. क्रूसोचें नांव त्यांना ठाऊक होतें. हातांतलीं फावडीं बाजूला ठेवून ते तीं कौलें न्याहाळूं लागले.